एकशे अकरा नंबरची घंटी

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काढलेल्या बाईला नंबर शिकवायला जाऊ नये. ऑपरेटरबाईंच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला एकदाच फटका बसायचा. बोर्डावर चारशे लाइनी होत्या. कुठल्या वॉर्डाचा कुठला नंबर, रक्तपेढीचा कुठला, धोबीखान्याचा कुठला, सगळं बाईंच्या जिभेवर. भर झोपेत विचारलं असतं तरी सांगितला असता आणि वर "एवढ्यासाठी उठवलंत?" असंही ऐकवलं असतं. बाहेरच्या जगाला हॉस्पिटलचा एकच नंबर माहीत. तो फिरवला की बाईंचा आवाज यायचा, आणि पुढे आत कुणाला जोडायचं ते बाई बघायच्या.

आतले नवे नंबरही त्याच द्यायच्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. नवा वॉर्ड उघडला की भलेभले डॉक्टर बाईंच्या खोलीच्या दारात उभे राहून नंबर मागायचे. बाईंची एक जाड वही होती. तिच्यात नोंद झाल्याशिवाय कुणाला नंबर मिळायचा नाही, आणि एक नंबर दोघांना गेला असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही. हे सांगताना बाईंची मान जराशी वर व्हायची. होऊ द्यावी, खरंच होतं ते.

मग हॉस्पिटलने तो बोर्डच काढला. दोन माणसं आली, चार स्क्रू सोडवले, बोर्ड हातगाडीवर टाकला आणि मागच्या दाराने घेऊन गेली. बाईंना निरोपाचं घड्याळ मिळालं. घरी आल्या आणि म्हणाल्या, संपलं आपलं काम, आता जगात कुणाला ऑपरेटर लागत नाही. हे वाक्य पुढे दर दोन-तीन महिन्यांनी यायचंच, कधी भाजी चिरताना, कधी कपडे वाळत घालताना. घरातले हं हं करून आपापल्या कामाला लागायचे.

त्यांचे यजमान त्याच हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये फिटर. चाकं निखळलेल्या ट्रॉल्या, अडकलेल्या लिफ्ट, गळणारे नळ, सगळं त्यांच्याकडे. लोक त्यांना फिटरसाहेब म्हणत. माणूस भयंकर बोलका. वर्कशॉपमधून दिवसातून दहा वेळा ऑपरेटरला फोन लावायचा आणि म्हणायचा, "बाई, जरा लिफ्टवाल्याला जोडून द्या." लिफ्टवाला त्यांच्याच शेजारी स्टुलावर चहा पीत बसलेला असायचा. बाईंना हे लग्नानंतर कळलं.

अशा बोलक्या माणसाचं बोलणंच गेलं. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडातून अक्षर फुटेना. समजायचं सगळं. हसायचे, रागवायचे, क्रिकेट बघताना कपाळाला हात लावायचे, पण शब्द म्हणून नाही. शेवटी मुलाने त्यांच्या पलंगाच्या कठड्याला एक घंटी बांधून दिली. घंटी म्हणजे पांढरं गोल बटन, बिस्किटाएवढं. दाबलं की वायफायवरून निरोप जाणार आणि स्वयंपाकघरातला भोंगा वाजणार. एकदा वाजलं तर या. दोनदा वाजलं तर पाणी. तीनदा म्हणजे टीव्ही बंद करा. लांबलचक म्हणजे खिडकी लावा, शेजारचा गायला बसलाय. वर्षभरात फिटरसाहेब त्या एका बटनावर भांडायलासुद्धा शिकले. बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "कळलं, कळलं, येतेय!" आणि घंटी मुद्दाम आणखी एकदा वाजायची. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, दुसरं काय.

आता ही घंटी बसवताना मुलाने विचारलं होतं की हिला नंबर कुठला द्यायचा. वायफायवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला घरातला एक नंबर लागतो, आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात त्याला. त्यात चार आकडे, पहिले तीन घरभर सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा, आणि घंटीचा कायमचा ठरवून ठेवलेला बरा. नंबर म्हटल्यावर बाई हातातलं काम टाकून आल्या. क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "एकशे अकरा." हॉस्पिटलमध्ये तातडीच्या वॉर्डाचा नंबर एकशे अकरा होता. एकतीस वर्षं तो दिवा लागला की बाई बाकी सगळ्यांना थांबवून आधी तो घ्यायच्या. मुलगा म्हणाला, बरं, आणि घंटीत एकशे अकरा भरून मोकळा झाला. त्याला काय, तो हौशी. त्याने घरभर अशाच वस्तू लावून ठेवल्या होत्या. दिवे वायफायवर, पंखे वायफायवर, टाकीत पाणी किती ते वायफायवर, दारावरचा कॅमेरा वायफायवर, वजनकाटासुद्धा. मासे ठेवलेल्या काचेच्या पेटीचा दिवाही फोनवरून लागायचा. माशांना विचारलं नव्हतं, एवढंच.

सव्वा वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग एका रविवारी दुपारी मुलाच्या ऑफिसातली अकरा माणसं घरी आली. दिवाणखाना भरून गेला. आल्या आल्या प्रत्येकाने वायफायचा पासवर्ड मागितला, मुलाने दिला, आणि हास्यविनोद सुरू झाले. बाई आणि सूनबाई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. घंटी वाजली नाही. बाईंच्या मनात आलं, आज साहेब शहाण्यासारखे पडून आहेत. त्यांचा चहा घेऊन त्या खोलीत गेल्या.

फिटरसाहेब पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत पडले होते. भुवई फाटली होती. कठड्यावरचं बटन लाल लुकलुकत होतं, म्हणजे दाबलं गेलं होतं आणि निरोप पोचला नव्हता. किती वेळा दाबलं असेल देव जाणे. शेवटी बिचारे स्वतःच उठायला गेले. पलीकडे, एका भिंतीच्या अंतरावर, अकरा माणसं खदखदून हसत होती.

पाच टाके पडले. जखम भरली. पण फिटरसाहेबांनी घंटी सोडली. मुलाने बॅटरी बदलली, भोंगा वाजवून दाखवला, बटन पुन्हा कठड्याला बांधलं. त्यांनी चांगल्या डाव्या हाताने नाडी सोडवली, बटन खणात टाकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. तहान लागली तरी कुणी येईपर्यंत तसेच पडून राहायचे. बाई एकदा सहज डोकावल्या, तर घसा कोरडा पडून ओठ चाटत होते, हात खणापासून वीतभर अंतरावर, आणि तरी घंटी घेतली नव्हती. दुसऱ्यांदा मुकं झालं होतं माणूस.

मुलगा म्हणाला, बॅटरीच असेल गं. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून गच्चीवर टाकी बघायला गेला. लाइन मेली तर का मेली ते शोधल्याशिवाय बाई कधी ड्युटीवरून उठल्या नव्हत्या. त्यांनी सूनबाईला बोलावलं. सूनबाई कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची प्रमुख, दीडशे मशिनी सांभाळणारी, कमी बोलणारी. सासूला पुरून उरणारी घरात तीच एक. ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिने वायफायच्या डब्यातली यादी उघडली. कुठला नंबर कधी कुणाकडे होता, सगळं त्यात. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. नंबर एकशे अकरा, त्या रविवारी, चार वाजून दहा मिनिटं, कुणातरी पाहुण्याचा मोबाइल.

"याला कुणी दिला?" बाईंनी विचारलं.

"डब्याने, आई. घरात कुणी नवीन आलं की तोच नंबर देतो. शंभरपासून एकशे एकोणपन्नासपर्यंत पन्नास नंबर त्याच्या ताब्यात आहेत. आपल्या वस्तूच चाळीसच्या वर, त्यात अकरा माणसं आली. शोधत शोधत तो एकशे अकरावर आला."

"वहीत न बघता?"

सूनबाई म्हणाली, बघतो, त्याच्या परीने बघतो. आपण कुणाला कुठला दिला ते त्याला माहीत असतं, पण एकशे अकरा त्याने दिलाच नव्हता. तो आपण परस्पर घंटीत भरला. तरी देण्याआधी तो त्या नंबरला हाक मारून बघतो, कुणी आहे का म्हणून. आता घंटी बॅटरी वाचवायला झोपलेली असते, दाबली तरच जागी होते. हाकेला ओ आली नाही. डब्याला वाटलं, रिकामा आहे, देऊन टाकू. मग घंटी जागी झाली तर तिच्या नंबरवर दुसराच बसलेला, निरोप अडकला.

बाईंनी त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "एका बोर्डावर दोन ऑपरेटर. एक डबा आणि एक मी. आणि मी त्याला विचारलंसुद्धा नाही."

एकतीस वर्षांत जे घडलं नाही ते घरच्या घरात, स्वतःच्या हट्टापायी घडलं होतं. सूनबाईने समजूत घालायचा प्रयत्न केला, बाईंनी हात वर करून थांबवलं. रडल्या वगैरे नाहीत. उठल्या, कपाटातून कोरी दोनशे पानी वही काढली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आता मला हा डबा पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

तिथून पुढचे चार दिवस त्या घरात काय चाललं होतं ते बघायला हवं होतं. सूनबाई कॉलेजातून आली की दोघी टेबलाशी. बाई प्रश्न विचारायच्या आणि उत्तर वहीत उतरवून घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, की आपल्या डब्याचा नंबर एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक. मग शेजारच्यांच्या डब्याचा काय? सूनबाई म्हणाली, बहुतेक तोच. आणि समोरच्या इमारतीतल्यांचा? तोच असणार, बरेच डबे कारखान्यातूनच तो घेऊन येतात. समुद्रापलीकडच्या माणसाचा? त्याचाही असू शकतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. एक नंबर कोट्यवधी घरांत, एकाच वेळी, आणि टक्कर नाही? त्यांनी दोनदा विचारलं, चेष्टा नाही ना करत. सूनबाईने सांगितलं की सगळ्या जगाच्या नंबरांतून तीन गठ्ठे बाजूला काढून ठेवलेत, फक्त घरातल्या घरात वापरायला. हे नंबर बाहेरच्या रस्त्यावर चालतच नाहीत, त्यामुळे कुणी कितीही वापरा. एकशे ब्याण्णव-एकशे अडुसष्टने सुरू होणारा गठ्ठा सगळ्यात लहान, त्यात पासष्ट हजारांवर नंबर. मधला एकशे बहात्तरचा, त्यात दहा लाखांवर. आणि दहाने सुरू होणारा सगळ्यात मोठा. बाई म्हणाल्या, त्याचा आकडा नीट सांग. सूनबाईने सांगितला, बाईंनी एकेक अंक मोठ्याने म्हणत लिहिला. एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा.

"एवढे सगळ्या जगात मिळून ना?"

"नाही आई. प्रत्येक घराला एवढे. तुम्हाला अख्खे, शेजाऱ्यांना अख्खे, सगळ्यांना अख्खे."

चारशे लाइनींसाठी ज्या बाईने डॉक्टरांना दारात उभं केलं होतं, ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. कुणीतरी, कुठेतरी बसून, ज्यांना कधी भेटणार नाही अशा लोकांच्या घरांचा विचार केला होता आणि एवढं मोठं ताट वाढून ठेवलं होतं. तेही सगळ्या देशांनी मानलं होतं, भांडणतंटा न करता. बाई म्हणाल्या, आमच्या हॉस्पिटलात दोन वॉर्डांचं एका नंबरवर कधी एकमत झालं नाही गं.

पण खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. त्यांनी विचारलं, आतले नंबर बाहेर चालत नाहीत, तर मग माझा फोन बाहेर बोलतो कसा? सूनबाईने सांगितलं की बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच नंबर दिसतो, डब्याचा. आतून कुणी बाहेर निरोप पाठवला की डबा त्यावरचा आतला नंबर काढतो, आपला बाहेरचा लावतो, आणि लक्षात ठेवतो की हा कुणाचा होता. उत्तर आलं की बरोबर त्याच माणसाला आत जोडून देतो. बाहेरून कुणी आगंतुक आला तर दारातच थांबवतो.

बाई हळूच म्हणाल्या, "अगं, हे माझं काम आहे."

"हो आई. अगदी तेच."

"एका वेळी किती लक्षात ठेवतो?"

"हजारो."

बाईंना गर्दीच्या दिवशी अकरा जोडण्या डोक्यात ठेवता यायच्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्या उठल्या, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गेल्या आणि त्यांनी डब्यावर तळहात ठेवला. कोमट होता. बोर्डाची पाठही अशीच कोमट असायची. संपलं आपलं काम म्हणून इतकी वर्षं उसासे टाकले, आणि इथे या गल्लीतल्या प्रत्येक घरात, पलीकडच्या गावात, समुद्रापार, जिथे जिथे माणसं राहतात तिथे कोपऱ्यात एकेक ऑपरेटर बसलेला. न जेवता, न झोपता, सुट्टी न घेता. बाईंचे डोळे भरून आले. सूनबाई लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसली, बघितलंच नाही असं दाखवत.

मग नवे नंबर ठरवायचं काम निघालं. त्यात दुसऱ्या गावी असलेल्या मुलीने एक मागणी घातली होती. बाबांची घंटी तिच्याही घरी वाजावी, म्हणजे पुन्हा कधी इथे ऐकू गेली नाही तर ती फोन करून सांगेल. सूनबाई म्हणाली, दोन घरं आतून जोडता येतात, पण तिच्याकडेही एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एकच आहे. दोन्हीकडे तेच नंबर असले तर निरोप आपल्याच घरात शोधत बसतो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. एका घराला वेगळा गठ्ठा घ्यायला हवा. बाईंनी दहाचा मोठा गठ्ठा घेतला. सुरुवातीचा दहा पक्का, शेवटचा आकडा प्रत्येक वस्तूचा. मधले दोन आकडे आपल्या मर्जीचे, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत कुठलेही.

बाई वही घेऊन फिटरसाहेबांच्या पलंगाशी बसल्या. नवऱ्याला सगळं सांगायची सवयच होती, आणि चुकीची कबुली तर आधीच देऊन झाली होती. त्या दिवशी फिटरसाहेबांनी ऐकलं आणि तोंड भिंतीकडेच ठेवलं. आजही भिंतीकडेच होतं. बाई बोलत राहिल्या. लग्नाची तारीख नको, घराचा नंबर नको, लक्षात राहणारे सोपे आकडे दुसऱ्यालाही सुचतात. त्या एकशे अकरानंतर त्यांनी कानाला खडा लावला होता. मग उगाच विचारावं तसं विचारलं, "तुम्हीच सांगता का एखादा?"

डावा हात चादरीवरून वर आला. दोन बोटं. मिटली. एक बोट. मिटलं. मग पाचही, आणि पाठोपाठ तीन. बाईंनी लिहिलं, दोन, एक, आठ. लिहिता लिहिता पेन थांबलं. हॉस्पिटलचं वर्कशॉप. एक्स्टेन्शन दोनशे अठरा.

त्यांनी वर पाहिलं तर हात अजून हवेतच होता. पाच बोटं, मग चार. नऊ. आतल्या फोनवरून ऑपरेटर हवा असेल तर नऊ फिरवायचा असे.

बाईंनी पानाच्या डोक्यावर लिहिलं, दहा, दोनशे अठरा, नऊ. फिटरसाहेबांनी परत भिंतीकडे तोंड केलं, पण त्यांचा कान लाल झाला होता.

पुढचा शनिवार सगळा नंबर बदलण्यात गेला. डब्याला शंभर ते दोनशे दिले, वाट बाबा हवे तितक्या पाहुण्यांना. पन्नासच्या खालचे सगळे बाईंच्या हातात, डब्याने त्यांना शिवायचं नाही, आणि तसं त्याला सांगूनही ठेवलं. घंटीला अकरा. दिवे, पंखे, टाकी मुकाट्याने आली. वॉशिंग मशीन रुसलं, तीन वेळा बंद करून चालू केल्यावर आलं. वजनकाटा आलाच नाही, आणि त्याची उणीव कुणाला भासली नाही. प्रत्येक वस्तूसमोर वहीत नंबर, तारीख, सही.

रविवारी दुपारी मुलीचं घरही जोडलं गेलं. सूनबाई म्हणाली, आता घंटी एकदा दाबून बघते. बाईंनी अडवलं. "तू नको. ज्याची आहे तोच दाबेल." त्यांनी खणातून बटन काढलं, कठड्याला बांधलं, नवऱ्याला नवा नंबर सांगितला आणि स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या. मुलगी तिकडे भोंग्यासमोर बसली होती.

तास गेला. चहाची वेळ टळली, कुणी चहा टाकला नाही. मुलगा दोनदा खोलीकडे निघाला, दोनदा सूनबाईने त्याला खाली बसवलं. बाई भोंग्याकडे बघत होत्या, बोर्डावरच्या दिव्याकडे बघायच्या तशा. त्यांच्या मनात आलं की ते एवढे दिवस असेच वाट बघत पडून राहिले, तहानलेले, आणि मला एक तास जड जातोय.

भोंगा वाजला. एकदाच, मोठ्याने. पाठोपाठ बाईंचा मोबाइल. मुलगी रडत होती आणि हसत होती. "आई, इथे वाजली. आई, बाबांनी इथे वाजवली."

बाई धावत खोलीत गेल्या. काय हवंय? पाणी? फिटरसाहेबांनी मान हलवली, नको. उशी? नको. खिडकी? तीही नको. बाईंना कळेना. तेवढ्यात त्यांनी बाईंच्या डोळ्यांत बघत, अंगठा उचलून, बटन पुन्हा दाबलं. मागे स्वयंपाकघरात भोंगा वाजला, आणि दूर दुसऱ्या गावात मुलीच्या घरीही.

बाईंनी पदराने चेहरा पुसला. सरळ उभ्या राहिल्या आणि इतक्या वर्षांनी त्यांचा तो ड्युटीवरचा आवाज निघाला, सपाट, स्वच्छ.

"ऑपरेटर. बोला, वर्कशॉप. लिफ्टवाल्याला जोडून देऊ का?"

फिटरसाहेब इतके हसले की टाक्यांची जागा दुखली.